अपडेट फसलं तर मागे कसं जायचं? वाचकांचे संगणक-प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून माझ्या टपालाचा नूर पालटला. पूर्वी ‘प्रिंटर दिसत नाही’ची रडगाणी यायची, आता जुन्या मशिनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाकलेल्यांची पत्रं जास्त. या वेळी त्यांतली बरीचशी एकाच विषयावरची निघाली, म्हणून बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवते. कमांड मी इथे छापत नाही. छपाईत एखादी मोकळी जागा इकडची तिकडे झाली की भलतंच पुसलं जातं, आणि मग शिव्या मला पडतात. पडद्यावर काय दिसतं आणि त्यामागे काय घडतं, ते सांगते.

रत्नागिरीहून एक वाचक: बाई, नमस्कार. मी घरी डीटीपीची कामं करते. कॉम्प्युटर जुना, ८ जीबी रॅम, २४० जीबीचा एसएसडी. भाचा गणपतीला आला तेव्हा त्याने विंडोज काढून लिनक्स मिंट टाकून दिलं. गेल्या महिन्यात अपडेट चालू असताना लाईट गेली. आल्यावर बघते तर काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. शेवटी सगळं नव्याने टाकावं लागलं. अर्धं लावलेलं एक पुस्तक पेनड्राइव्हवर होतं म्हणून वाचले. आता भाचा म्हणतो, मावशी, बीटीआरएफएस घे, म्हणजे बिघडलं तर कालच्या दिवसावर परत जाता येतं. पण मग आज लावलेली पानंही कालची होतील का? आणि हे मला एकटीला जमेल का?

जमेल. आणि पानांचा प्रश्न तुम्हाला आधीच पडला हे फार बरं झालं, कारण सगळी मेख तिथेच आहे. मागे जाता येणं सोपं असतं. काय मागे जावं आणि काय जाऊ नये, हे इन्स्टॉल करतानाच ठरवावं लागतं, आणि तिथे लोक घाई करतात.

बीटीआरएफएस ही लिनक्सची एक फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची आणि त्यांच्या नोंदी ठेवायची पद्धत. २००७ मध्ये ओरॅकलमध्ये असताना ख्रिस मेसन यांनी तिचं काम सुरू केलं आणि २००९ मध्ये ती लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, आली. मिंट हा लिनक्सचा एक प्रकार. तुमच्या मशिनवर त्याने न विचारता दिलेली असणार ती ईएक्सटी४, ही दुसरी फाइल सिस्टिम. तिच्यात फाइलचा मजकूर बदलला की सहसा जुन्या जागेवरच नवा लिहिला जातो. बीटीआरएफएस नवा मजकूर मोकळ्या जागी लिहिते आणि मग फक्त नोंद तिकडे वळवते. सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत, त्याला कंस करून नवं चढवतात, तसंच हे. स्नॅपशॉट घेणं म्हणजे ‘या घडीच्या नोंदी जपून ठेव’ असं तिला सांगणं. त्यामुळे तो घेताना क्षणभरही लागत नाही आणि सुरुवातीला जागाही जवळपास काहीच जात नाही. पुढे जसजसं बदलत जातं, तसतशी जुन्या तुकड्यांची जागा अडून राहते.

आता तुमची पानं. बीटीआरएफएसमध्ये एकाच पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या एका तुकड्याच्या, पोटात वेगवेगळे कप्पे करता येतात. त्यांना सबव्हॉल्यूम म्हणतात. स्नॅपशॉट कप्प्याचा निघतो, अख्ख्या डिस्कचा नाही. रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य जागेसाठी, बीटीआरएफएस निवडलं की मिंट २२ चा इन्स्टॉलर आपणहून दोन कप्पे पाडतो. ‘@’ नावाच्या कप्प्यात सिस्टिम आणि ‘@होम’मध्ये तुमच्या फाइली. मिंटमधला टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम ‘@’ मागे नेतो आणि सांगितल्याशिवाय ‘@होम’ला हात लावत नाही. म्हणजे सिस्टिम कालची, पानं आजची.

तुमच्या धंद्यातली एक गोष्ट मात्र तपासून घ्या, ती म्हणजे फॉन्ट. ते होम फोल्डरमधल्या लपलेल्या फॉन्ट-फोल्डरमध्ये असतील तर जागच्या जागी राहतील. कोणी ते सिस्टिमच्या ‘/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स’मध्ये टाकून दिले असतील, तर मागे गेल्यावर नंतर टाकलेले फॉन्ट नाहीसे होतील आणि पुस्तक उघडल्यावर ओळी भलतीकडे तुटतील. फॉन्टची एक प्रत ‘@होम’मध्ये असू द्याच.

ईएक्सटी४ चं जागच्या जागी बीटीआरएफएस करून देणारं साधन आहे, पण ते तुम्हाला हे कप्पे पाडून देत नाही. पुढची जुळवाजुळव हाताने करण्यापेक्षा नव्याने टाकलेलं बरं. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर काढा आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघा. मग मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशिन चालू करा. ‘इन्स्टॉलेशन टाइप’च्या पानावर ‘इरेझ डिस्क’ घेतलंत तर पुन्हा ईएक्सटी४ च पदरात पडेल. खालचं ‘समथिंग एल्स’ घ्या. नवं पार्टिशन टेबल करा. पहिला तुकडा ५१२ एमबीचा, ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’, मशिन सुरू होण्यासाठी. दुसरा ४ जीबीचा, ‘स्वॅप एरिया’, रॅम कमी पडली की वापरायची जागा. उरलेली सगळी जागा तिसऱ्याला द्या. त्याच्या ‘यूज ॲज’मध्ये बीटीआरएफएस, आणि ‘माउंट पॉइंट’मध्ये नुसती एक तिरकी रेघ. होमसाठी वेगळं पार्टिशन करू नका. दोन्ही कप्पे एकाच साठ्यातून जागा घेतात. २४० जीबीत भिंती घातल्या की एकीकडे दाटी आणि दुसरीकडे ओस.

स्वॅपचा तुकडा वेगळा कशाला, असं भाचा विचारेलच, कारण हल्ली स्वॅपची फाइल करायची पद्धत आहे. बीटीआरएफएसवर ती चालते, कर्नल ५.० पासून. पण ज्या कप्प्यात चालू स्वॅप-फाइल आहे, त्या कप्प्याचा स्नॅपशॉट घ्यायला बीटीआरएफएस नकार देते. म्हणजे ती चुकून ‘@’मध्ये ठेवली तर एवढा खटाटोप करून स्नॅपशॉटच नाही. ४ जीबी बाजूला काढले की हा विषय संपला.

मिंट सुरू झालं की टाइमशिफ्ट उघडा. तो पहिल्यांदाच ‘आरसिंक’ की ‘बीटीआरएफएस’ असं विचारतो. दुसरं घ्या. रोजचे ५ आणि आठवड्याचे २ ठेवायला सांगा. ‘@होम’ समाविष्ट करण्याच्या चौकटीत खूण नको. अपडेटच्या आधी ‘क्रिएट’ दाबून एक हाताने घ्यायची सवय लावा.

मग त्याच दिवशी रंगीत तालीम करा. मी लॅबमध्ये होते तेव्हा मुलांना हे केल्याशिवाय घरी सोडत नसे. स्नॅपशॉट घ्या. त्यानंतर एखादा पत्त्यांचा खेळ इन्स्टॉल करा आणि डॉक्युमेंट्समध्ये ‘तालीम’ नावाची एक फाइल करून ठेवा. आता टाइमशिफ्टमध्ये तो स्नॅपशॉट निवडून ‘रिस्टोअर’ म्हणा आणि मशिन पुन्हा चालू करा. खेळ गेलेला असेल, ‘तालीम’ जागेवर असेल. एवढं डोळ्यांनी पाहिलंत की माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. यादीत ‘रिस्टोअरच्या आधीचा’ असा एक नवा स्नॅपशॉटही दिसेल. टाइमशिफ्ट तो स्वतःहून ठेवतो, म्हणजे मागे गेल्याचा पश्चात्ताप झाला तर पुढेही येता येतं. मन भरलं की तो पुसून टाका, नाहीतर जागा अडवून बसेल.

मशिन सुरूच होत नसेल तर इन्स्टॉलचा तोच पेनड्राइव्ह लावा. त्यावरच्या मिंटमध्येही टाइमशिफ्ट असतो. त्याला तुमची डिस्क दाखवायची आणि रिस्टोअर करायचं. तो पेनड्राइव्ह म्हणूनच भाच्याला परत देऊ नका.

मागे गेल्यावर फायरफॉक्स कदाचित कुरकुरेल. सिस्टिमबरोबर तो जुन्या आवृत्तीवर जातो, पण त्याचं प्रोफाइल, म्हणजे तुमचे बुकमार्क-पासवर्ड ठेवलेला फोल्डर, होममध्ये असल्यामुळे नव्या आवृत्तीचंच राहतं. २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून तो अशा वेळी असलेलं प्रोफाइल न उघडता नवं करायला सांगतो. घाबरून ‘हो’ म्हणू नका. बुकमार्क आणि पासवर्ड कुठेही गेलेले नसतात. खिडकी बंद करा, फायरफॉक्स अपडेट करून घ्या, सगळं पूर्ववत दिसेल.

आता लाईटबद्दल खरं ते सांगते. लिहिता लिहिता वीज गेली तरी बीटीआरएफएसच्या जुन्या नोंदी शाबूत असतात, पण अर्धवट राहिलेलं अपडेट अर्धवटच राहतं. तुमचा काळा पडदा बहुतेक त्याचाच. तो रिकव्हरी मेनूतल्या ‘डीपीकेजी’ने, म्हणजे अडकलेली पॅकेजं पुरी करणाऱ्या पर्यायाने, निघालाही असता. पुन्हा सगळं टाकायची घाईच झाली. दुसरं, काही अगदी स्वस्त एसएसडी ‘लिहून झालं’ असं प्रत्यक्ष लिहिण्याआधीच सांगून मोकळे होतात. अशा डिस्कवर ऐन वेळी वीज गेली तर बीटीआरएफएससुद्धा उघडायला नकार देऊ शकते. कोकणातला पावसाळा बघता आधी यूपीएस घ्या आणि असेल तर त्याची बॅटरी तपासा.

पुण्याहून एक विद्यार्थी: मॅडम, माझ्याकडे फेडोरा आहे. त्यात बीटीआरएफएस आधीपासूनच आहे म्हणून खूश होतो, पण टाइमशिफ्ट म्हणतो की ही मांडणी चालणार नाही. सबव्हॉल्यूमची नावं बदलू का? आणि ‘/व्हार’साठी वेगळा सबव्हॉल्यूम करावा असं सगळे म्हणतात, ते करू का? की सरळ झेडएफएस टाकू?

नावं बदलू नकोस. फेडोराने, मिंटसारख्याच लिनक्सच्या या दुसऱ्या प्रकाराने, डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस डीफॉल्ट केली ती ३३ व्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२० मध्ये, आणि कप्प्यांना नावं दिली ‘रूट’ आणि ‘होम’. टाइमशिफ्टला उबुंटूच्या, म्हणजे मिंट ज्यावर बेतलंय त्या लिनक्सच्या, पद्धतीची ‘@’ नावं लागतात. नाव बदललंस तर ‘एफस्टॅब’ या डिस्कच्या यादीत आणि बूटच्या प्रत्येक नोंदीत ते बदलावं लागेल, आणि एखादं राहिलं की मशिन बूटच होणार नाही. त्यापेक्षा स्नॅपर वापर. ते ओपनसुसे या आणखी एका लिनक्सवाल्यांचं स्नॅपशॉटचं साधन आहे आणि त्याला नावाशी देणंघेणं नाही.

पण त्याआधी तुझी ‘/बूट’, म्हणजे मशिन सुरू करणाऱ्या फाइलींची जागा, कुठे आहे ते बघ. फेडोराच्या नेहमीच्या मांडणीत ती वेगळ्या ईएक्सटी४ पार्टिशनवर असते, म्हणजे स्नॅपशॉटच्या बाहेर. कर्नल तिथे राहतो आणि त्याचे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखे जोडभाग, ‘/यूएसआर’मध्ये, म्हणजे स्नॅपशॉटच्या आत. समज, महिन्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर गेलास. कर्नल कालचा, पण त्याचे मॉड्यूल त्या जुन्या सिस्टिममध्ये नाहीतच. मशिन कसंबसं उठेल, पण वायफाय नाही, आवाज नाही, आणि तू ड्रायव्हरच्या मागे दोन रात्री घालवशील. उपाय एवढाच, की मागे जाताना ग्रबच्या, म्हणजे मशिन सुरू होताना दिसणाऱ्या, यादीतून त्या वेळचा कर्नल निवडायचा. फेडोरा डीफॉल्टने ३ कर्नल ठेवतो, म्हणून फार मागे जाण्यात अर्थ नाही. रत्नागिरीच्या ताईंच्या मिंटमध्ये ही कटकट नाही, कारण तिथे ‘/बूट’ ‘@’च्या आतच असते आणि कर्नल सिस्टिमबरोबर मागे जातो.

‘/व्हार’चा, म्हणजे सिस्टिमच्या सतत बदलणाऱ्या फाइलींच्या जागेचा, प्रश्न मात्र विचारलास ते बरं केलंस, कारण ‘सगळे म्हणतात’ त्यातलं अर्धंच खरं आहे. लॉग मागे जाऊ नयेत हे बरोबर. नाहीतर काय बिघडलं होतं हे सांगणारी कागदपत्रंच रिस्टोअरमध्ये गडप होतात. पण ‘/व्हार’मध्ये फक्त लॉग नसतात. डेबियन, उबुंटू, मिंट यांच्यात कोणती पॅकेजं टाकली आहेत याची नोंदवही ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’मध्ये असते. अख्खा ‘/व्हार’ वेगळा केलास आणि ‘@’ मागे नेलास, तर प्रोग्रॅम जुने आणि नोंदवही नवी. अपडेट करायला जाशील तर ती म्हणेल, सगळं ताजं आहे, आणि प्रत्यक्षात सुरक्षेच्या दुरुस्त्या गायब. हा बिघाड वाईट, कारण तो दिसत नाही. तेव्हा त्या घराण्यात फक्त ‘/व्हार/लॉग’ वेगळा काढायचा. ओपनसुसे अख्खा ‘/व्हार’ वेगळा ठेवते आणि तिचं निभतं, कारण तिने आरपीएमची, म्हणजे तिच्याकडच्या पॅकेजांची, नोंदवही ‘/यूएसआर’मध्ये हलवली आहे. फेडोरानेही ती ३६ व्या आवृत्तीत, २०२२ मध्ये, तिकडेच नेली. म्हणजे तुझ्याकडे चालेल, तुझ्या उबुंटूवाल्या मित्राकडे नाही. इंटरनेटवरचा सल्ला कोणत्या डिस्ट्रोसाठी, म्हणजे लिनक्सच्या कोणत्या प्रकारासाठी, लिहिलाय हे बघितल्याशिवाय उचलू नये, ते याचसाठी.

झेडएफएस ही फाइल सिस्टिम उत्तम आहे, सन या कंपनीकडून आलेली, मुरलेली. पण तिचा परवाना कर्नलच्या परवान्याशी जुळत नाही, म्हणून ती कर्नलमध्ये नसते, बाहेरून जोडावी लागते. फेडोरात कर्नल भराभर पुढे जातो आणि मॉड्यूल मागे राहिलं की रूटच सापडत नाही. डेटाच्या वेगळ्या डिस्कवर खुशाल घे. रूटवर, शिकत असताना, नको. बीकॅशएफएस या आणखी एका फाइल सिस्टिमबद्दल विचारलं नाहीस, पण विचारशील. ती २०२४ मध्ये ६.७ कर्नलबरोबर आली आणि २०२५ मध्ये कर्नलमधून बाहेरही गेली. लांबून बघ.

बडोद्याहून एक निवृत्त वाचक: ताई, तुमचं सदर मुलगा फोनवर दाखवतो. नातीच्या लग्नाचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर घेऊन इथून पुसले, कचरापेटीही रिकामी केली, तरी जागा मोकळी होत नाही. बीटीआरएफएस आहे.

काका, टाइमशिफ्टमध्ये ‘@होम’च्या चौकटीत खूण असणार. व्हिडिओ तुमच्या डोळ्यांसमोरून गेले, पण ते असतानाचे स्नॅपशॉट त्यांना धरून बसलेत. शेवटचा तसा स्नॅपशॉट जाईपर्यंत एक बाइटही सुटणार नाही. ती खूण काढा, मग व्हिडिओ असतानाचे सगळे स्नॅपशॉट पुसा. लगेच आकडा हलला नाही तर घाबरू नका. साफसफाई मागे चालू असते, चहा घेऊन या. आणि एरवीही बीटीआरएफएसवर डिस्क काठोकाठ भरू देऊ नये. तिला बदल करायलाही आधी मोकळी जागा लागते, त्यामुळे पार भरल्यावर कधी कधी पुसायलाही ती खळखळ करते.

सोलापूरहून एक दुकानदार: हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, म्हणून लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशिनमध्ये विंडोज ठेवलंय. बीटीआरएफएस केल्यापासून ते रडतखडत चालतं.

व्हर्च्युअल मशिनची डिस्क म्हणजे एकच भलीमोठी फाइल आणि तिच्यात दिवसभर बारीकसारीक लिखाण. बीटीआरएफएसला दर वेळी नवी जागा घ्यायची सवय असल्यामुळे त्या फाइलचे हजारो तुकडे होतात. एक रिकामा फोल्डर करा, त्याला ‘सी’ हा गुण द्या, म्हणजे त्यात पुढे येणाऱ्या फाइली जागच्या जागी लिहिल्या जातात. व्हर्च्युअल मशिन बंद करून ती फाइल त्यात कॉपी करा. नुसती सरकवू नका, सरकवलेल्या फाइलला तो गुण लागत नाही. चालतंय अशी खात्री झाली की मूळ फाइल काढा.

याची किंमत आहे. अशा फाइलसाठी बीटीआरएफएस चेकसम, म्हणजे मजकूर बदलला का हे ताडायचा आकडा, ठेवत नाही, म्हणजे आत काही सडलं तर तिला कळणार नाही. म्हणून हिशेबाचा बॅकअप त्या सॉफ्टवेअरच्या आतून, रोज दुकान बंद करताना, पेनड्राइव्हवर. आणि हा फोल्डर स्नॅपशॉटच्या फेऱ्यात आणू नका. चार दिवसांपूर्वीच्या सिस्टिमवर गेलात तर चार दिवसांच्या उधाऱ्या कोण लक्षात ठेवणार?

नाशिकहून एक वाचक: रोज स्नॅपशॉट घेतो. मग वेगळा बॅकअप कशाला?

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क मेली, मशिन चोरीला गेलं, कोणी फॉरमॅट मारलं, तर तोही गेला. टाइमशिफ्टमध्ये बीटीआरएफएसचा प्रकार निवडला की स्नॅपशॉट बाहेरच्या डिस्कवर ठेवताच येत नाहीत, आणि तुमचा ‘@होम’ तर त्यात नाहीच. होमसाठी मिंटमधलं ‘बॅकअप टूल’ पुरेसं आहे. बाहेरची डिस्कही बीटीआरएफएस असेल तर ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ शिकून घ्या. ‘@होम’चा फक्त-वाचनाचा स्नॅपशॉट घ्यायचा आणि तो पलीकडे पाठवायचा. पुढच्या वेळी आधीच्या स्नॅपशॉटशी ताडून फक्त फरक जातो. मात्र तो आधीचा स्नॅपशॉट दोन्हीकडे शिल्लक पाहिजे, पुसलात की पुन्हा सगळं पाठवत बसा.

महिन्यातून एकदा ‘स्क्रब’ चालवा. तो प्रत्येक तुकडा वाचून चेकसमशी ताडतो. एकाच डिस्कवर फाइलींच्या मजकुराची दुसरी प्रत नसते, त्यामुळे खराब तुकडा तो दाखवतो पण दुरुस्त करू शकत नाही. फाइलचं नाव कर्नलच्या लॉगमध्ये मिळतं, ती बॅकअपमधून आणायची. आणि कुठेतरी वाचून बीटीआरएफएसच्या ‘चेक’ या तपासणीच्या कमांडपुढे ‘रिपेअर’ लावू नका. त्याच्या माहितीपानावरच जाणकाराने सांगितल्याशिवाय वापरू नका असं बजावलेलं आहे. डिस्क उघडत नसेल तर आधी फक्त-वाचनाच्या पद्धतीने उघडून बघा, जेवढं निघेल तेवढं बाहेर काढा, आणि मग मला पडद्याचा फोटो पाठवा.